पाहण्यानेही झीज होते

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे 'मेट'मध्ये, जलरंगातली चित्रे, जुनी वस्त्रे आणि जपानी छापचित्रे कायम मांडून ठेवलेली नसतात. जपानी चित्रकार होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट पाहायची म्हणून कुणी दूरवरून यावे, तर नेमकी तेव्हा ती अंधाऱ्या कपाटात ठेवलेली असू शकते. कारण उघड आहे. उजेडाने रंग उडतो, कागद पिवळा पडतो, रेशमाचा धागा विरतो आणि झालेली हानी कशानेही भरून येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपासच उजेड पडू द्यायचा, काही महिने त्या मांडायच्या आणि मग बराच काळ विश्रांतीला पाठवायच्या, असा संग्रहालयांचा रिवाज आहे. म्हणजे डोळस माणसाला पाहता यावे यासाठी संग्रहालय आपल्या ठेव्याची थोडी थोडी झीज जाणूनबुजून पत्करते. तिचा हिशेब ठेवते, तिला मर्यादा घालते, पण पत्करते. अपंग प्रेक्षकांसाठीच्या सोयींचा विचार इथून सुरू व्हायला हवा, असे मला वाटते.

एरवी तो भलतीकडून सुरू होतो. संग्रहालय आधीच पूर्ण झाले आहे आणि आता कुणा मोजक्यांसाठी त्यात काहीतरी जास्तीचे करायचे आहे, असे गृहीत धरले जाते. खरे तर दिवे, चित्र टांगण्याची उंची, मथळ्यांच्या पाट्या, बसायचे बाक हे सगळे कुणाच्या तरी शरीराकडे पाहूनच ठरलेले असते. मेटने ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. चालता न येणाऱ्यांसाठी तिथे १९०८ मध्येच चाकाची खुर्ची मिळत असे आणि १९१३ मध्ये सरकारी शाळांतल्या अंध मुलांसाठी व्याख्याने झाली होती. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला तो १९९० मध्ये. कायद्याने भाग पाडण्याच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी मनात हा विचार आला होता, ही मला मोठी गोष्ट वाटते. आज तिथे सांकेतिक भाषेतून संग्रहाची ओळख करून दिली जाते, चित्रांचे शब्दांतून तपशीलवार वर्णन करणाऱ्या फेऱ्या असतात, सोबतच्या मदतनिसाला तिकीट पडत नाही. आणि अंध प्रेक्षकांना प्राचीन इजिप्तच्या काही निवडक मूळ शिल्पांना हात लावता येतो. बोटांना कोरीव चित्रलिपीची धार लागते, घासून गुळगुळीत केलेला खांदा लागतो आणि जिथे दगड फुटला तिथे एकदम खरखरीत कड लागते. काचेपलीकडे उभ्या राहिलेल्या डोळस माणसाला यातले फारच थोडे कळते.

इथेच पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो, की स्पर्शाने वस्तू खराब होते. तो खोटा नाही. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात पीटरचा कांस्यपुतळा आहे. भाविकांच्या शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि चुंबनांनी त्याच्या उजव्या पावलाची बोटे झिजून सपाट झाली आहेत. हाताच्या घामात क्षार असतात, तेल असते; मऊ संगमरवर ते शोषून घेतो, रंगवलेल्या लाकडाला ते सोसत नाही. अशा वस्तूंना कुणाचाच हात लागू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइटसारख्या कठीण दगडाचे काय? संवर्धकांनी निवडलेल्या मोजक्या वस्तू, धुतलेले हात, काढून ठेवलेल्या अंगठ्या, ठरावीक काळाने तपासणी, एवढे पथ्य पाळले तर ती झीज उजेडाने होणाऱ्या झिजेसारखीच मोजता येते आणि आवरता येते. लाखो लोकांच्या नजरेसाठी रेशीम थोडे थोडे विरू द्यायचे आणि थोडक्या लोकांच्या बोटांसाठी ग्रॅनाइटचा कणही द्यायचा नाही, हा न्याय कुठला?

मग असे सुचवले जाते की प्रतिकृती द्याव्यात. जरूर द्याव्यात, चित्रांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये सहा चित्रांच्या उठावदार प्रती बोटांनी वाचायला मांडल्या होत्या. त्यांत चित्रकार एल ग्रेकोचा छातीवर हात ठेवलेला सरदार होता आणि प्रादोकडची मोनालिसाची जुनी प्रतही होती. डोळस लोकांसाठी तिथे काही दिसू न देणारे चष्मे ठेवले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' हे २२ प्रतिकृतींचे स्पर्शदालन सुरू झाले. इटलीतल्या अँकोना शहरातले ओमेरो संग्रहालय तर आल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या पुढाकारानेच १९९३ मध्ये उभे राहिले. जगभर हिंडताना ठिकठिकाणी 'हात लावू नका' हेच त्यांच्या वाट्याला आले होते. तरीही जिथे मूळ वस्तू सुरक्षितपणे हाती देता येते, तिथे प्रतीवर भागवणे मला पटत नाही. उत्तम छायाचित्रे घरबसल्या मिळत असताना डोळस माणूस मेटला का जातो? हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या छिन्नीखाली आलेला तोच दगड समोर असावा म्हणून. ही ओढ डोळ्यांवर अवलंबून नसते.

इतके थोडे लोक येतात, त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला, असेही म्हटले जाते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांना थोडे कसे म्हणायचे? जिथे आत जाण्याची सोय नाही, तिथली गर्दी मोजून गरज ठरवणे तर उलटेच झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला केंद्र सरकारला सांगितले, ते योग्यच झाले. मर्जीवर सोडलेली सोय पैशांची चणचण आली की सगळ्यांत आधी बंद होते.

माझी खरी तक्रार मात्र चांगल्या संग्रहालयांबद्दल आहे. मेटमध्येही मूळ शिल्पाला हात लावायचा तर साधारणतः आधी कळवून वेळ ठरवावी लागते. मंगळवारी दुपारी पाऊस आला म्हणून सहज आत शिरावे, एखाद्या दालनात रेंगाळावे आणि कंटाळा आला की निघून जावे, ही मोकळीक डोळस माणसाला तिकिटाबरोबरच मिळते. अंध माणसाला मात्र आपली इच्छा आधी नोंदवून ठेवावी लागते. संवर्धकांनी निवड केलीच आहे, तर त्या शिल्पांची यादी प्रवेशद्वारापाशी ब्रेल आणि ध्वनिरूपात का नसावी? दालनातल्या पहारेकऱ्याला हात कसे पुसायला द्यायचे, कुठल्या शिल्पाला किती वेळ द्यायचा आणि नोंद कुठे करायची, एवढे शिकवून का ठेवू नये? उजेडाचे लक्स मोजले जातातच; स्पर्शाची नोंदवहीही दालनातच ठेवता येईल.