वाल्याचे रांजण

कचेरीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला कागद पुढे सरकविण्याची कला कोणी शिकवावी लागत नाही. कागद येतो, त्याला क्रमांक पडतो, त्यावर टिप्पणी लिहिली जाते, आणि खालून वर व वरून खाली असा प्रवास करून तो पुन्हा आपल्याच मेजावर विसावतो. या प्रवासात त्यावर जितक्या अधिक सह्या होतात तितके प्रत्येकाचे मन अधिक हलके होते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ‘आपणा’ असे मी जाणूनबुजून म्हणतो. या मासिकाचे वाचक बहुधा माझ्यासारखेच, पोटासाठी मुलूख सोडून कुठल्या तरी कचेरीत बसलेले आहेत. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे तंजावुरास बदलून आल्यावर असाच एक कागद माझ्याकडे आला. कार्यालयांनी आपल्या प्रवासातील पेट्रोल-डिझेलचा वापर कमी करावा, शक्य तेथे रेल्वेने जावे किंवा एकाच गाडीतून अनेकांनी जावे, असे त्या परिपत्रकाचे सार होते. मी त्यावर लिहिले, “माहितीस्तव सादर. अवलोकनानंतर दप्तरदाखल करण्यास हरकत नसावी.” कागद परत आला तेव्हा त्यावर माझ्यासकट सात जणांची आद्याक्षरे होती. कोणीही खोटे लिहिले नव्हते, कोणीही नियम मोडला नव्हता. आणि तरीही सात शहाण्या माणसांनी मिळून एक गोष्ट न करण्याचे ठरविले होते. कोणा एकाने ठरविले असे मात्र म्हणता येत नव्हते. त्या सायंकाळी मोटारसायकल सुरू करताना, का कोण जाणे, मला वाल्या कोळ्याची आठवण झाली.

ती कथा आपणा सर्वांच्या कानांवर लहानपणीच पडलेली असते. वाटसरूंना लुटून मारणाऱ्या वाल्याला नारदांनी विचारले, “ज्यांच्यासाठी तू हे करतोस, ते तुझ्या पापात वाटेकरी होतील काय?” घरच्यांनी वाटा घ्यावयास नकार दिला आणि वाल्याचे डोळे उघडले. कीर्तनकार येथे जगाच्या स्वार्थीपणावर बोट ठेवतात. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींकडे गेले. पहिली ही की, वाल्या प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकीत असे. तो पापी होता, पण हिशेबात चोख होता. दुसरी गोष्ट म्हणजे, घरच्यांनी आनंदाने ‘होय’ म्हटले असते तर काय झाले असते? बायकोने एक वाटा, मुलांनी एकेक वाटा उचलला असता, तर वाल्याचा वाल्मीकी झाला असता काय? मला वाटते, झाला नसता. खडे सर्वांच्या रांजणांत थोडथोडे पडले असते, कोणाचाच रांजण भरला नसता, आणि वाटसरू मात्र पूर्वीसारखेच मरत राहिले असते.

आजच्या जगाने एकमेकांना असाच आनंदाने होकार दिला आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे हवामान परिषद भरली होती, तेव्हा वाहनांच्या धुरासंबंधी एक घोषणापत्र प्रसिद्ध झाले. २०४० पर्यंत जगात, आणि अग्रेसर बाजारपेठांत २०३५ पर्यंत, विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार धूर न सोडणारी असावी, हा त्याचा उद्देश. त्यावर सरकारांनी सह्या केल्या, शहरांनी केल्या, मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांनी केल्या, पैसा पुरविणाऱ्यांनीही केल्या. अमेरिका, चीन व जर्मनी यांच्या सरकारांनी मात्र सही केली नाही. भारताने केली, पण विकसनशील देशांच्या वेगळ्या रकान्यात. आणि त्या रकान्यात कसून प्रयत्न करण्याचे वचन आहे, वर्षाचा आकडा नाही. शिवाय हे घोषणापत्र कायद्याने बंधनकारक नाही, असे त्यातच नमूद आहे. कारकुनाच्या डोळ्यांना असल्या जागा चटकन दिसतात. हा मसुदा करणाऱ्यांचा आणि आमचा धंदा एकच आहे, असे मला वाचताना वाटले.

तथापि, सहकार्य म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हे काम कोणा एकाच्याने होणारे नाही, हे उघड आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. आपण चौथ्या पायरीवर होतो. पाचवी गाळून एकदम सहावी गाठावयाची होती. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणावयाचे, वाहन-कारखान्यांनी त्या इंधनाला साजेशी इंजिने बनवावयाची, आणि सरकारने तारीख ढळू द्यावयाची नाही. जुन्या मानकाच्या गाड्या त्या तारखेनंतर विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बजावले होते. शुद्ध इंधनावाचून नवे इंजिन व्यर्थ, आणि नव्या इंजिनावाचून शुद्ध इंधनाचा लाभ अपुरा. या मानकाने काजळी व विषारी वायू घटतात, कर्बवायूचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे खरे; परंतु वचन पाळले गेले. ते पाळले गेले याचे कारण, कोणी काय करावयाचे आणि केव्हापर्यंत, हे ठरलेले होते.

आता विजेच्या बसगाड्यांचे उदाहरण घ्या. पुण्यात त्या २०१९ पासून धावत आहेत. आमच्या या राज्यात चेन्नईला ३० जून २०२५ रोजी १२० गाड्या रस्त्यावर आल्या. व्यवस्था अशी की, गाडी कंपनीच्या मालकीची, चालक कंपनीचा, वाहक सार्वजनिक परिवहन संस्थेचा, आणि कंपनीला पैसे मिळावयाचे ते धावलेल्या किलोमीटरप्रमाणे. चेन्नईच्या गाड्यांमागे जागतिक बँकेचे साहाय्यही आहे. व्यवस्था सोयीची आहे यात शंका नाही. पण थांब्यावर तासभर तिष्ठणाऱ्या माणसाने गाडी न आल्याचा जाब कोणाला विचारावयाचा? आणि गाडीच्या मागे धूर नसला तरी वीज कोठून येते? या राज्यात पवनचक्क्या पुष्कळ आहेत. पण नेवेलीला लिग्नाइटही जळतोच. शहरातला धूर उचलून खेड्याच्या आकाशात नेऊन ठेवणे हे काही निर्मूलन नव्हे. प्रत्येक भागीदार स्वतःपुरता निर्दोष आणि सर्व मिळून अपुरे, अशी अवस्था येथे सहज येऊ शकते.

मग सहकार्य प्रामाणिक केव्हा म्हणावयाचे? याचे एक उत्तर मला याच गावात, बृहदीश्वराच्या देवळात सापडले. आपल्याकडून येणारे पाहुणे तेथील मराठी शिलालेख पाहावयास उत्सुक असतात. शरभोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेली ती भोसले कुलाची हकीकत पाहून ऊर भरून येतो, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच देवळात राजराज चोळाचे त्याहून आठशे वर्षे जुने तमिळ लेख आहेत. देऊळ राजाने बांधले, १०१० च्या सुमारास पुरे झाले. पण ते चालावयाचे कसे? त्यासाठी काही गावांनी भात द्यावयाचे, काही ग्रामसभांनी देवळाचा पैसा ठेव म्हणून घेऊन त्याचे व्याज भरावयाचे, असे सारे दगडात कोरले आहे. दिव्यांची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या धनगराच्या हवाली करावयाच्या, आणि त्याने रोज एक उळक्कू, म्हणजे एक ठरावीक माप, तूप पोचवावयाचे. त्या धनगरांची नावे लेखांत आहेत. राजाचे नाव आहे तसेच मेंढपाळाचेही आहे.

राजसत्ता, गावे आणि धंदेवाले लोक यांनी मिळून करावयाच्या कामाचा याहून चोख कागद मी पाहिलेला नाही. ती राज्यव्यवस्था आदर्श होती असे मला म्हणावयाचे नाही. त्या धनगरांना विचारून हे ठरले असेल असेही नाही. मुद्दा एवढाच की, तेथे वाटणी कर्तव्याची आहे; जबाबदारीची विभागणी करून ती पातळ केलेली नाही. शंभर दिवे आहेत म्हणून एका धनगराचे तूप शंभरांश होत नाही. त्याचा दिवा त्याच्या तुपावर जळतो. तो विझला तर कोणाला विचारावयाचे हे भिंतीवर लिहिले आहे.

येथे कोणी म्हणेल, धूर म्हणजे तूप नव्हे. माझ्या मोटारसायकलीचा धूर आकाशात मिसळला की तो माझा राहत नाही. आणि त्याने जगाचे जे बिघडते ते मोजताही येणार नाही. शिवाय आपल्या देशात माणशी निघणारा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून वैभव कमावले त्यांनी आधी भरावे. हा युक्तिवाद राष्ट्रांच्या सभेत न्याय्यच आहे, आणि आपल्या प्रतिनिधींनी तो तेथे ठामपणे मांडावा. पण मी, एक पगारदार गृहस्थ, तो स्वतःसाठी वापरू लागलो की त्यात एक खोट येते. ती मला आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या अम्मांमुळे कळली.

अम्मा रोज नगरबसने येतात. २०२१ च्या मे महिन्यापासून या राज्यात साध्या नगरबसमधून स्त्रियांना तिकीट पडत नाही. एके दिवशी त्यांना उशीर झाला तेव्हा मी थोडा त्रासिकपणेच विचारले, “अम्मा, आज इतका उशीर?” त्या म्हणाल्या, “सार, बस आली नाही. तुमच्यासारखी गाडी असती तर केव्हाच आले असते.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला एकदम उमगले की, देशाची जी माणशी सरासरी मी ढालीसारखी पुढे करतो ती खाली ठेवली आहे अम्मांनी, आणि तिच्या आड लपलो आहे मी. त्यांच्या काटकसरीचे पुण्य मी माझ्या खाती जमा करीत होतो. वाल्याने घरच्यांना पापात वाटा मागितला. मी तर न विचारताच दुसऱ्याच्या पुण्यात वाटा घेतला होता.

भरपाई कोण करते, हेही पाहावे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडूच्या बाजूला लक्षावधी माड आडवे झाले. ते वादळ वाहनांच्या धुरामुळेच आले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु समुद्र तापत व चढत आहे, आणि कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश सखल आहे. चढत्या समुद्राचे खारे पाणी प्रथम ज्यांच्या शेतात शिरेल त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दारात मोटार कधी उभी राहिलेली नाही.

यावरून मला एवढेच म्हणावयाचे आहे: ज्याला पर्याय नाही त्याच्याकडून जग फारसे मागू शकत नाही, ज्याला पर्याय आहे त्याचे कर्तव्य इतरांच्या सह्यांनी कमी होत नाही. सरकार, शहर आणि कंपनी यांनी एकत्र यावे, जरूर यावे. पण प्रत्येकाचा रांजण वेगळा असावा, आणि त्यातले खडे मोजता यावेत. बस वेळेवर आणणे हे शहराचे व परिवहन संस्थेचे तूप आहे. ती वेळेवर येत असता तिच्यात बसणे हे माझे आहे.

उपदेश करून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे, म्हणून थोडे स्वतःविषयी. काही महिन्यांनी तो दप्तरदाखल कागद मी पुन्हा वर काढला. तंजावुराहून तिरुच्चीस सुमारे पन्नास किलोमीटर. १८६२ पासून तेथे आगगाडी जाते, आणि आमच्या कचेरीची माणसे मात्र भाड्याच्या गाडीने जात. तिरुच्चीचा दौरा रेल्वेने व्हावा, गाडी घ्यावी लागल्यास कारण व घेणाऱ्याचे नाव नोंदवावे, अशी टिप्पणी मी सादर केली. वरून शेरा आला, “कृपया चर्चा करावी.” चर्चा झाली. रेल्वेची अट वगळली गेली. कारण व नाव नोंदविण्याचा रकाना मात्र राहिला. आता त्या रकान्यात नाव लिहिताना काही जण थबकतात, काही थबकत नाहीत.

मीही आठवड्यातून तीन दिवस नगरबसने कचेरीत जातो. उरलेल्या दिवशी मोटारसायकल काढतो, आणि तिला कारणे असतात; कारणे नेहमीच असतात. पण ती आता माझ्या नावावर आहेत. परवा थांब्यावर अम्मा भेटल्या. बस यावयाची होती. त्यांनी विचारले, “सार, गाडी बिघडली काय?” मी ‘नाही’ म्हटले, आणि आम्ही दोघेही रस्त्याकडे पाहत उभे राहिलो.