मैनेला कुणी विचारलं का?

वर्तमानपत्रात अधूनमधून ती बातमी येतेच. कुंटणखान्यावर छापा, अमुक महिलांची सुटका. फोटोत ओढणीनं तोंडं झाकलेल्या बायका आणि मागं उभं पथक. परवा पिंगळीत आमच्या ओट्यावर शेजाऱ्यानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, ‘‘बरं झालं, सुटल्या बिचाऱ्या.’’

बातमी तिथं संपते, बायकांचं पुढं चालू राहतं. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या 17 व्या कलमानुसार त्यांना एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. कुलूप बाहेरून. अल्पवयीन पोरीला, फसवून आणलेल्या बाईला तिथून बाहेर काढायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडायचं आणि त्याला सुटका म्हणायचं, हे मला पटत नाही.

या बायकांच्या सुटकेचा विचार आपल्याकडे वाईट हातांनी आला नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मुली देवाला वाहून मुरळ्या म्हणून सोडण्याच्या चालीविरुद्ध उभे राहिले. 1936 साली मुंबईत बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना हा धंदा सोडा म्हणून स्पष्ट बजावलं. शब्द कठोर होते, पण बोलणं त्या बायकांशीच होतं आणि निर्णयही त्यांनीच घ्यायचा होता. त्यांच्याविषयी बोलायचं पण त्यांच्याशी नाही, हे नंतर सुरू झालं.

म्हणून मला ‘माणूस’ महत्त्वाचा वाटतो. 1939 चा प्रभातचा चित्रपट, व्ही. शांताराम यांचा. सुरुवात छाप्यानंच होते. शाहू मोडकांचा गणपत हा साधा हवालदार कोठ्यावरच्या मैनेला छाप्यातून वाचवतो आणि पुढं तिच्यावर जीव लावतो. ती शांता हुबळीकरांनी केली आहे. ‘देवदास’ला दिलेलं उत्तर म्हणून सगळे याच्याकडं बघतात. तिकडचा नायक प्रेमापायी दारूत बुडाला, इकडचा मोडूनही पुन्हा उभा राहिला. हे खरं असलं तरी अर्धंच आहे, कारण हिशेब सगळा गणपतचा मांडलाय.

मैनेचा हिशेब मांडून बघा. गणपत तिला घरी आईसमोर नेतो. त्या देवभोळ्या, भल्या बाईसमोर मैनेला स्वतःचीच लाज जास्त टोचायला लागते. तो तिला संसार देऊ करतो, ती मागं सरते. पुढं छळणाऱ्या मामाचा खून तिच्या हातून होतो. गणपत तिला कोठडीतून सोडवायला येतो तेव्हाही ती नाही म्हणते. म्हणजे सुटका दोनदा पुढं येते आणि दोन्ही वेळा तीच ती परत करते.

हा चित्रपट आम्ही घरी पाहिला तेव्हा माझी आत्या, जन्म सगळा शेतात गेलेली, मधेच म्हणाली, ‘‘समदं त्योच ठरवाय लागलाय. तिला कुणी इचारलं का रे?’’ तोवर मीही या गोष्टीकडं गणपतच्याच डोळ्यांनी बघत होतो.

मैनेचा नकार हा हक्काचा नकार नव्हे, हेही मला लपवायचं नाही. तो लाजेतून येतो आणि ती लाज तिला आपणच शिकवलेली आहे. शेवटी चित्रपट तिला तुरुंगात ठेवतो आणि गणपतला कामावर धाडतो. पण वाचवणाऱ्याला नाही म्हणणारी बाई पडद्यावर आली आणि आपण ते ‘त्याग’ या खात्यात टाकून मोकळे झालो. चूक झाली ती इथं. ‘त्याग’ म्हटलं की तिचं काय म्हणणं होतं ते ऐकायची गरजच उरत नाही.

लाजेवाचूनचा नकार ऐकू यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. सांगलीत देहविक्री करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली, आणि जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जायचा तोच स्वतःच्या संघटनेच्या नावात घेतला. आम्हाला वाचवू नका, आमच्यावरचा अन्याय थांबवा, असा त्यांचा सूर होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पोलिसांना बजावलं की या बायकांशी सन्मानानं वागा, त्यांना छळू नका.

त्याआधीची एक गोष्ट मात्र मी ओट्यावर शेजाऱ्याला सांगितली. मालाडच्या छाप्यात तीन तरुणी ‘सुटल्या’. आया न्यायला आल्या, पण दंडाधिकाऱ्यांनी मुली त्यांच्या ताब्यात दिल्या नाहीत, वर्षभर वसतिगृहात ठेवायचा हुकूम केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. या सज्ञान आहेत, कुठं राहायचं आणि काय काम करायचं ते त्या ठरवतील, असं म्हणत न्यायालयानं त्यांना सोडायला सांगितलं. छापा 2019 च्या सप्टेंबरातला, हा निकाल 2020 च्या सप्टेंबरातला.

शेजाऱ्यानं पेपरची घडी घातली आणि विचारलं, ‘‘मग मधलं वर्षभर त्या कुठं होत्या?’’