निर्लेखित कर्ज आणि मानेवरचा हक्क



जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथे दर सोमवारी आठवडे बाजार भरतो. बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी तो परिसरात ओळखला जातो. अशा बाजारात उधारीचा व्यवहार माणसाच्या शब्दावर चालतो. ठरल्या दिवशी कोणी पैसे पोहोचविले आणि कोणी तोंड चुकविले, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात वर्षानुवर्षे राहते. बँका ज्याला ‘सिबिल स्कोअर’ म्हणतात, तो याच स्मरणाचा संगणकावरील अवतार होय. ३०० ते ९०० या अंकांमध्ये आपली पत मोजली जाते.

आज अनेक घरांत एक प्रश्न आहे. ट्रॅक्टरसाठी, दुकानासाठी किंवा दुचाकीसाठी कर्ज काढले. कांद्याचा भाव पडला, हप्ते थकले. पुढे बँकेने ते कर्ज ‘राइट ऑफ’ केले. आता ते फेडले तर स्कोअर सुधारेल काय? आणि सुधारणार नसेल तर फेडावे कशासाठी? यातील पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, दुसरा ईमानाचा. दोहोंची उत्तरे निरनिराळी समजून घेतली पाहिजेत.

प्रथम व्यवहार पाहू. सर्वसाधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादित ठरते. पीककर्जासाठी हंगामानुसार वेगळा हिशेब असतो. वसुलीची आशा मावळली की बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते. यालाच निर्लेखन म्हणतात. हा बँकेचा स्वतःपुरता हिशेब आहे. यामुळे कर्जदाराची देणेदारी संपत नाही आणि वसुलीचा अधिकारही बँकेकडेच राहतो. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी, ही समजूत चुकीची आहे.

असे कर्ज पूर्ण फेडले तर अहवालातील थकबाकी शून्य होते आणि निर्लेखनानंतर खाते बंद झाल्याची नोंद होते. तडजोडीने कमी रक्कम भरली तर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, आणि पुढचा कर्ज देणारा तिच्याकडे साशंक नजरेने पाहतो. दोन्ही प्रकारांत जुन्या थकबाकीचा इतिहास लगेच पुसला जात नाही. फेडल्यावर अमुक इतके अंक वाढतील असा कोणताही ठरलेला दर नाही. मात्र थकबाकी उरली नाही, यापुढचे प्रत्येक देणे वेळेवर गेले, तर पत हळूहळू सावरते. पैसे घेऊन सिबिल ‘स्वच्छ’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. खरी नोंद कोणताही दलाल पुसू शकत नाही.

आता ईमानाचा प्रश्न. समजा, फेडल्याने एक अंकही वाढणार नाही. तरी फेडावे काय? होय. शरीअतच्या दृष्टीने कर्ज हा बंद्याचा हक्क आहे. तो देणेकऱ्याने फेडल्याने किंवा घेणेकऱ्याने स्वेच्छेने माफ केल्यानेच उतरतो. वर्षे लोटल्याने किंवा वहीतील ओळ खोडल्याने उतरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एका कर्जदाराची मय्यत आणली गेली, तेव्हा त्यांनी स्वतः जनाजाची नमाज पढविली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या शिरावर घेतले, तेव्हाच प्रेषित (स.) पुढे झाले. शहिदाचे सारे गुनाह माफ होतात, पण कर्ज मागे उरते, हीही त्यांचीच शिकवण आहे. ऐपत असून टाळाटाळ करणे याला त्यांनी जुलूम ठरविले आहे.

काही बांधव म्हणतात, ‘बँक व्याज खाते, मग तिचे पैसे बुडविले तर काय बिघडले?’ ही नफ्साची पळवाट आहे. व्याजाचा करार करणे हा गुनाह आहे. त्याची तौबा करावी आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. पण हाती घेतलेली मुद्दल परक्याची आहे. दिव्य कुरआनने व्याज सोडण्याची आज्ञा देतानाच मुद्दलावरचा धनकोचा हक्क मान्य केला आहे. एका गुनाहाचे निमित्त करून दुसरा गुनाह हलाल होत नाही. व्याजाच्या रकमेसंबंधी आपल्या विश्वासातील मुफ्तींचा सल्ला घ्यावा.

मग तडजोड निषिद्ध आहे काय? नाही. मस्जिदीत एका कर्जावरून आवाज चढले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांना निम्मे कर्ज सोडण्याचा इशारा केला. ते राजी होताच कर्जदाराला उठून उरलेले फेडण्यास सांगितले. खरोखर असमर्थ असलेल्याने बँकेच्या संमतीने तडजोड केली, तर ‘सेटल्ड’ हा शिक्का दुनियेत राहील. सोडलेल्या रकमेचा बोजा मात्र उतरेल. पण ऐपत लपवून, गरिबीचे सोंग करून सूट मिळविणारा बँकेला फसवतो आणि स्वतःलाही.

फेडण्याचा निश्चय झाला की पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. बँकेशी लेखी पत्रव्यवहार करा. रक्कम कर्जखात्यातच भरा, कोणाच्या खासगी खात्यात नव्हे. पावती आणि ‘नो ड्यूज’ दाखला घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो; काही आठवड्यांनी तो मागवून नोंद बदलली का ते पाहा. चूक राहिल्यास तक्रार करा. ३० दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. देण्याघेण्याचे लेखन करण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहेच. कागद जपणे हाही दीनदारीचा भाग समजावा.

जामीन राहिलेल्या भावाचाही विचार करा. तुमचा थकलेला हप्ता त्याच्या पतीलाही डाग लावतो. वडील कर्ज ठेवून वारले असतील, तर वारसांनी वाटणीपूर्वी त्यांच्या मालमत्तेतून ते फेडावे. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से कर्जफेडीनंतरच ठेवले आहेत.

शेवटी, ज्यांच्याकडे देण्यासाठी खरोखर काहीच नाही, त्यांनी निराश होऊ नये. फेडण्याची नियत ठेवावी आणि जमेल तितके भरत राहावे. जमातीतील सधन बांधवांनी लक्षात घ्यावे की जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. त्याचा शोध घेणे हे आपले काम आहे, कारण तो अनेकदा लाजेने तोंड उघडत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो, कर्जाच्या ओझ्यापासून आपले रक्षण करो आणि कोणाचाही हक्क मानेवर न ठेवता आपल्याला या दुनियेतून नेवो. आमीन.