पहिल्या पाण्याचा मान

माझा धाकटा भाऊ गुरुग्राममध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. सुझुकीशी करार होऊन १९८३ साली तेथे मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली. तेव्हापासून जपानी माणसांचे त्या गावाला नवल उरलेले नाही. त्यामुळे भावाची अठरा वर्षांची मुलगी दहा महिन्यांसाठी जपानला, एका अनोळखी कुटुंबात राहून शिकायला निघाली, तेव्हा घरात काळजी होती ती मुख्यतः जेवणाची. मी त्या सुमारास तेथेच होतो. पोचल्याच्या रात्री तिचा फोन आला, तो मात्र आंघोळीविषयी होता.

जपानी घरात सारे कुटुंब एकाच टबातल्या ऊन पाण्यात आळीपाळीने बसते. अंग आधी बाहेर धुऊन घ्यायचे, मग पाण्यात उतरायचे, आणि ते पाणी पुढच्या माणसासाठी तसेच ठेवायचे. पहिल्या पाण्याचा मान पाहुण्याचा. तो तिला मिळाला. "काका, माझ्यानंतर त्याच पाण्यात तिथले आजोबा बसले," असे ती कुजबुजत म्हणाली. तिचा संकोच कशाचा होता, हे सोवळ्या-उष्ट्याच्या संस्कारात वाढलेल्या कोणाला समजावून सांगायला नको. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला तेव्हा स्वर उतरलेला होता. आता तिची पाळी शेवटची होती, आणि पाणी सोडून टब घासण्याचे कामही तिच्याकडे आले होते. आपल्या हातून काही चुकले का, असे ती विचारत होती.

चुकले काहीच नव्हते. पण तिच्या प्रश्नाने मला एका जुन्या प्रश्नापाशी आणून सोडले. पाहुण्याचा सन्मान करणे आणि त्याला आपल्यात घेणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

तैत्तिरीयोपनिषदाने अतिथीला देव मानायला सांगितले, आणि तो उपदेश आपण पर्यटनाच्या जाहिरातींपर्यंत मिरवला. तथापि, देवाचे आपण काय करतो, हेही पाहायला हवे. त्याला देव्हाऱ्यात बसवतो, नैवेद्य दाखवतो; पण कोथिंबीर निवडायला बसवत नाही. देवत्व बहाल करणे हा परक्याला परकेच ठेवण्याचा एक अत्यंत सभ्य मार्ग असू शकतो. शिवाय अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. माझ्या पुतणीच्या येण्याचीही तिथी ठरलेली होती आणि जाण्याचीही. खरे तर तिला अतिथी म्हणणेच चूक.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवत शिकले. सात वार, सात घरे. म्हातारपणी त्यांना त्या घरांची आडनावे आठवत नसत, वार आठवत. सोमवारच्या घरी पंक्तीत बसवून आग्रहाने वाढत. तेथे त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. गुरुवारच्या घरच्या बाई मात्र दारातूनच दळणाचा डबा हातात देत. त्या एकाच घरी आपण पुन्हा भात मागत असू, असे वडील सांगत. काम करून अन्न फेडले, असा हिशेब यात नसावा. ज्याला काम सांगता येते त्याला रागावताही येते, आणि ज्याला रागावता येते तो घरचा; एवढेच त्या मुलाला उमगले असावे.

अर्थात ती सात दारे उघडली ती जातीच्या किल्लीने, हे वडिलांच्या आठवणींतून सहसा निसटत असे. ज्या मुलांना कोणी ओसरीवरही घेतले नसते त्यांच्यासाठी शाहू महाराजांना कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभारावी लागली. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही विकले गेले. तेथे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे सांगणे कठीण आहे. आणि ज्या गावी माझा भाऊ राहतो ते गाव द्रोणाचार्यांचे मानले जाते. गुडगावचे गुरुग्राम २०१६ साली झाले ते त्याच आधारावर. गुरूच्या घरी राहून शिकण्याचे गौरवगान करताना एकलव्याला दाराबाहेर कोणी ठेवले, हेही त्या नावात ऐकू यावे.

परंतु घरचे होण्याची किंमत म्हणून स्वतःला पुसून टाकावे लागत असेल तर? येथे मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांचेही वय अठराच होते. न्यू जर्सीतील रोझेल येथे ज्यांच्या घरी त्या राहिल्या त्या थिओडोसिया कार्पेंटर यांना त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. ओळख झाली ती पत्रांतून, आणि पत्रांतच त्या 'मावशी' झाल्या होत्या. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्यांनी साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातले १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासह त्या आपापल्या देशाच्या वेषात आहेत. मावशींचे मोठेपण असे की, त्या मुलीला आपलीशी करताना आपल्यासारखी करण्याची घाई त्यांनी केली नाही. हे दोन्ही एकदम साधणे फार अवघड. धर्मप्रसाराच्या उमाळ्याने भारलेल्या त्या काळात तर विशेषच.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. चार वर्षांपूर्वी आलेल्या परक्या मुलीला त्या घराने घरच्या माणसांच्या ओळीत जागा दिली.

ठरवून जोडलेले नाते खरे असते का, अशी शंका माझ्या भावाला अजून येते. संस्थेने निवडलेली आई, अर्ज भरून मिळालेले आजोबा. मावशीही पत्रावरूनच मिळाली होती, असे मी त्याला म्हणालो. त्याचे समाधान झाले नाही. परवा मुलीचा फोन आला तेव्हा तो तिला हेच काहीतरी विचारू पाहत होता. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. "बाबा, नंतर बोलू," ती म्हणाली, "आजोबा आत्ताच बाहेर आलेत, पाणी निवतंय."