पान्याला पाइप लावायला कुणी सांगितलं?

उभा राहा नीट. मोबाइल खिशात ठेव आणि मी बोलतोय तोवर मध्ये तोंड घालू नकोस.

तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग हेडमध्ये मोडून बसलाय. षटकोनी डोकं तुझ्या पान्यात आलं आणि आट्यांचा भाग आतच राहिला. फोनवर तू मला म्हणालास, ‘सर, प्लगच कमजोर निघाला.’ पोलादाचा प्लग असा आपोआप कमजोर निघत नाही. टॉमीला लांब पाइप लावून त्यावर अंग टाकलं की कुठलाही प्लग मोडतो. हे तू केलंस. आधी ते कबूल कर, मग पुढचं बोलू.

भिवंडीला माल टाकून आलास, झकेरिया बंदर रोडला गोदामाच्या भिंतीशी गाडी लावलीस आणि लागलीच पुढची सीट उचलून इंजिनावर ओणवा झालास. ओम्नीचं इंजिन सीटखाली कोंडलेलं असतं, ते निवायला वेळ लागतो, हे तुला वर्गात सांगितलेलं आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादाचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि मऊही पडतं. अशा वेळी अडकलेला प्लग जबरदस्तीने फिरवला, तर तो हेडचे आटे खरवडत बाहेर येतो. कोमट हेडमध्ये प्लग थोडा सैल होतो हे खरं, जुने मिस्त्री त्याचा उपयोगही करतात. पण कोमट म्हणजे तळहात टेकवून निवांत ठेवता येईल इतपत. तुझ्या मनगटावर तर पोळल्याचा डाग दिसतोय.

आणि सल्ला कुणाचा घेतलास? शेजारी उभ्या असलेल्या पिकअपवाल्याचा. ‘जोर लगा, निकल जाएगा.’ अरे, त्याची पिकअप डिझेलची आहे! डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं, ठिणगीची गरजच पडत नाही. त्याच्याकडे असलाच तर हीटर प्लग असेल, थंड इंजिन सुरू करण्यापुरता. स्पार्क प्लगशी त्याचा संबंध आला कधी? माणूस भला आहे, गाडी बंद पडली तर धक्का मारायला पहिला धावेल. पण मोटार मेकॅनिकचा ट्रेड तू शिकलास, त्याने नाही. त्याने जोर लाव म्हटल्यावर ‘माझ्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे’ एवढं सांगायची हिंमत तुला झाली नाही, याचा मला मोडक्या प्लगापेक्षा जास्त राग आला.

गाडी सीएनजीवर आहे. टाकीचा वॉल्व बंद केलास? बॅटरीची निगेटिव्ह काढलीस? नाही ना? माणसं येतात-जातात अशा रस्त्यावर, गॅसच्या गाडीत, वॉल्व उघडा ठेवून तू पाना चालवत होतास. यावर मी आणखी काही बोलणार नाही, कारण बोलायला लागलो तर थांबणार नाही. पुन्हा असं दिसलं तर माझ्याकडे यायचं नाही.

तिन्ही वायरी तू वायरीला धरूनच ओढल्यास. वायर टोपीला धरून, जराशी पिळून काढतात. नाहीतर आतला गाभा तुटतो आणि गाडी चुकत राहते. खुणाही केल्या नाहीस. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-२. वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन धड सुरूच होणार नाही. म्हणून एका वेळी एकच वायर, एकच प्लग. मग प्लगभोवतीचा खळगा. आपल्याकडे बंदराची खारी हवा, गोदामांची धूळ, पावसात खालून उडणारं पाणी, सगळं त्या खळग्यात साचतं. हवेची नळी मारून तो साफ केल्याशिवाय प्लग सैल करायचा नसतो. नाहीतर ती वाळू सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनबरोबर वरखाली होते. बाबांच्या गाडीच्या इंजिनात तू वाळू पाडलीस. ओम्नी कंपनीने २०१९ मध्येच बंद केली, हे तुला ठाऊक आहे. हे इंजिन घासून संपलं तर त्यांनी कशावर धंदा करायचा?

आता अडकलेल्या प्लगाचं ऐक. गार इंजिन. पाना प्लगावर सरळ, पूर्ण खाली बसलेला. वाकडा बसला की चिनीमाती तडकते. पहिला झटका छोटा. सुटला की पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही. तिथे थांबायचं, आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि वाट बघायची. मग पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. कुरकुर ऐकू आली की मागे फिरायचं, तेल टाकायचं. रात्रभर भिजत ठेवायची वेळ आली तर ठेवायचा, एक दिवस भाडं बुडालं तर बुडू दे. अमेरिकेत फोर्डच्या २००४ ते २००८ च्या पिकअपमध्ये ५.४ लिटरच्या इंजिनाचे प्लग काजळीने असेच धरून बसायचे आणि काढताना तुटून आत राहायचे. कंपनीने आपल्या मेकॅनिकांना लेखी पद्धत घालून दिली: इंजिन गार, प्लग अगदी थोडा सैल, वरून कार्बोरेटर क्लीनर, पंधरा मिनिटं थांबा, मग पुढेमागे फिरवत काढा. तिथले पगारी, कंपनीत शिकलेले मेकॅनिक पंधरा मिनिटं थांबत होते. तुला दोन मिनिटं थांबवलं नाही.

स्टेशनसमोरची कापूस बाजाराची इमारत तू रोज बघतोस. त्या बाजारात कापूस पारखणारे झुपका दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे आणि तंतूची लांबी सांगायचे. ते ज्ञान बोटांत होतं. तुझ्या बोटांतही ते यावं म्हणून मी वर्गात तुम्हाला छोटा पाना द्यायचो. छोट्या पान्यात प्लग बोलतो: हा गंज, ही काजळी, हा आता पिळवटतोय. पाइप लावलास की हाताला काहीच कळत नाही. तू स्वतःच्या हाताचे कान बंद केलेस आणि मग म्हणतोस, ‘कळलंच नाही, सर.’

हा प्लग इतका घट्ट बसलाच कसा? मागच्या वेळी तूच बसवलास, आणि तोही पाइप लावूनच. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगाला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क रेंच नसेल तर हाताने पूर्ण टेकवायचा, आणि वॉशर नवा असेल तर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. सुरुवात पान्याने करायचीच नाही. पेट्रोलच्या नळीचा तुकडा प्लगाच्या टोकावर चढवायचा आणि तिने फिरवायचा. आटा चुकला तर नळीच घसरते, हेड वाचतं. आणि आट्यांना भरमसाट ग्रीस फासलं होतंस, तेही बंद कर. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

नव्या प्लगाचा आकडाही बघितला नाहीस. जुना एनजीकेचा, नवा बॉशचा, दोन्हींवरचा आकडा मोठा बघून म्हणालास, ‘दोन्ही सारखेच.’ एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. अगदी उलट! ऑपेरा हाऊसच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगितलं असतंस तर काउंटरवरच्या मुलाने बरोबर काढून दिला असता. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात आणि प्लगही लवकर बदलतात. फीलर गेज तुझ्या पेटीत आहे, प्लास्टिकही न काढलेलं.

आणि ते दोन सुटलेले जुने प्लग फेकून दिलेस! प्लग काढल्यावर पहिलं काम त्याचं तोंड बघणं. तपकिरी, कोरडं असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण जड. टोक पांढरंफटक, फोड आलेलं असेल तर जास्त तापतंय. तेलाने ओलं असेल तर रिंगा नाहीतर वॉल्व सील गेलंय. बाबा कधीपासून सांगतायत की गाडी तेल खाते. उत्तर तुझ्या हातात होतं आणि ते तू न बघता टाकलंस.

आता काय करायचं ते नीट ऐकून ठेव. गाडीची किल्ली माझ्याकडे दे. एकदाही सेल्फ मारायचा नाही. प्लगाची पांढरी चिनीमाती अ‍ॅल्युमिनाची असते, पॉलिश पेपरचे दाणेही त्याच जातीचे. तिचे तुकडे आत पडले असतील तर एका फेऱ्यात सिलिंडरवर ओरखडे उठतील. आधी बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ते खेचून काढू. मग आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवू. उद्या उलट्या आट्यांचा इझी आउट हलक्या हाताने ठोकून बघू. पोकळ तुकडा फिरला तर ठीक. नाही फिरला तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं, हेलिकॉइल बसवायची, नवी गॅस्केट घालायची. त्याचा खर्च तू देशील, बाबा नाही. घरी ड्रिल लावायचा विचार चालला होता ना, तो डोक्यातून काढ.

काय झालं ते आज रात्री तूच बाबांना सांग, पाइपासकट. आणि आधी जा, ते दोन प्लग जिथे टाकलेस तिथून शोधून आण. कुठला कुठल्या सिलिंडरचा ते आठवत असेल तर तसं लिहून आण, आठवत नसेल तरी दोन्ही आण.