उन्हाळीचे झुडूप व परतफेडीचे साहाय्य

जे साहाय्य केल्याने साहाय्य करणाऱ्यासही काही मिळते, त्यास खरे साहाय्य म्हणावे काय? हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो, आणि निघतो तेव्हा बहुधा कोणाचे तरी मन दुखावलेले असते. इर्जिकीस बोलाविले नाही म्हणून एक रुसतो. आपण सावडीचे चार दिवस भरले, त्याने दोनच फेडले, म्हणून दुसरा कुरकुरतो. आणि तिसरा ह्या दोघांसही उपदेश करितो की जेथे हिशेब आला तेथे प्रीती कसली! ह्या तिसऱ्याचे म्हणणे ऐकावयास फार गोड लागते. ते खरे आहे की नाही हे आज आम्ही एका रानटी झुडपाच्या आधाराने पाहणार आहो.

सातारा, सांगलीकडून पुण्यास येणारे आमचे पुष्कळ वाचक स्वारगेटास एस. टी.तून उतरतात. तो चौक आज मोटारी, उड्डाणपूल आणि २०२४ साली जमिनीखालून तेथवर आलेली मेट्रो ह्यांनी असा गजबजला आहे की तेथे झुडूप पाहण्यास सांगणे ही कित्येकांस थट्टा वाटेल. तथापि पर्वतीच्या टेकडीकडे पायी निघालेल्या मनुष्याने वाटेची कड, पडक्या भिंतीचे बूड, मुरमाचा ढीग ह्यांवर नजर ठेवावी. अशाच निकस जागी उन्हाळी उगवते. गुडघ्याएवढे झुडूप, चिंचेसारखी जोडीजोडीने लागलेली पण काहीशी मोठी पाने, जांभळट गुलाबी लहान फुले, आणि मग किंचित वाकलेल्या चपट्या शेंगा. ओळख पटविण्याची एक सोपी युक्ती आहे. पानाचा एक दल टोकाशी धरून ओढावा; तो आडवा न फाटता बाणाच्या पिसाऱ्यासारखा कोन करून तुटतो. ह्यावरूनच संस्कृतात तिला शरपुंखा म्हणतात. वैद्यांच्या ग्रंथांत प्लीहशत्रु असेही तिचे नाव आहे; परंतु तिच्या मुळांत मासे गुंगविणारे विष असते, म्हणून जाणत्या वैद्यावाचून कोणी ती पोटात घेऊ नये.

आमचे काम तिच्या मुळांशीच आहे. पावसाळ्यात झुडूप हलके उपटले असता बारीक मुळांवर लहान गाठी दिसतात. अडाणी मनुष्य त्यांस कीड समजतो. नखाने फोडल्यास जिवंत गाठ आतून तांबूस निघते, कारण आपल्या रक्तास तांबडेपणा देणाऱ्या द्रव्याच्या जातीचे एक द्रव्य तीत असते. हवेच्या शंभर भागांपैकी सुमारे ७८ भाग नत्रवायू असतो; तो झाडास हवा असतो, पण हवेतून त्याला तो घेता येत नाही, भरल्या विहिरीच्या काठी दोरावाचून उभे राहावे तसे. गाठीत राहणारे सूक्ष्म जंतू तो घेऊन झाडास देतात, आणि झाड पानांत तयार झालेली साखर त्यांस पोहोचविते. हेल्‌रीगेल व विल्फार्ट ह्या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ ह्या काळात हे सिद्ध केले, आणि १८८८ साली बायेरिंक ह्या डच शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे काढून दाखविले. उन्हाळी, तूर, हरभरा, भुईमूग ह्या सर्वांचे हेच बिऱ्हाड आहे.

आता आमच्या तिसऱ्या गृहस्थास विचारावे की ह्यात कोणाचे देणे खोटे ठरले? झाडास साखरेचा मोबदला द्यावा लागला म्हणून नत्र कमी पौष्टिक झाले नाही. झुडपास मन नाही, तेव्हा प्रीती म्हणजे काय हे ते शिकवू शकणार नाही, हे आम्ही मान्य करितो. पण देणाऱ्याचा लाभ झाला की घेणाऱ्याचा तितका तोटा होतो, ही समजूत मात्र त्याच्या मुळांशी टिकत नाही. सावडीस कमी लेखणारा पुष्कळदा तो असतो ज्यास स्वतः कोणाच्या सावडीची कधी गरज पडली नाही.

येथवर सोपे होते. इ. स. २००३ मध्ये सोयाबीनवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुळांभोवतीच्या हवेतील नत्रवायू काढून त्याजागी दुसरा वायू भरला, म्हणजे जंतूंस देण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा झाड त्या गाठींचा प्राणवायू आखडते आणि जंतूंची वाढ खुंटते असे दिसून आले. ठकांस झाड पोसत नाही, असा ह्याचा अर्थ कित्येक लावितात. आम्हांस तो अपुरा वाटतो. त्या जंतूंनी लबाडी केली नव्हती; त्यांच्या हातचे साधनच काढून घेतले होते. झाडास लबाडी व निरुपाय ह्यांतील भेद कळत नाही.

मनुष्यास कळतो, निदान विचारपूस केल्यास कळू शकतो. ज्या विधवेचे बैल नवऱ्याच्या आजारात विकले गेले, तिला सावडीतून वगळणारे गाव झाडाच्याच न्यायाने चालते. तिला नुसती भीक घालणे हाही उपाय आम्हांस पसंत नाही. ती मागत आहे ती पाळी, दान नव्हे. इर्जिकीच्या दिवशी नांगर दुसऱ्यांचे आणि जेवण घरधन्याचे, ही रीत जुनीच आहे. त्या दिवशीची तिच्या हातची भाकर व कालवण पुरा मोबदला समजून जेवावे, उपकार केल्याच्या तोऱ्याने नव्हे. आणि भाकरीस पीठही नसेल, तर तिची पाळी पुढच्या सुगीपर्यंत खुशाल थांबू द्यावी. उपदेशकांनी ही गोष्ट मंडळीत बोलण्यापूर्वी स्वतः नांगर धरावा हे बरे.

तमिळ मुलखात ह्याच उन्हाळीस कोळिंजी म्हणतात, आणि भाताच्या खाचरांत ती मुद्दाम पेरून लावणीपूर्वी चिखलात गाडतात. तिने साठविलेले नत्र भातास मिळते. त्या भाताने तिला कधी साखरेचा कण दिलेला नसतो. आपल्याकडे निकस शेत असणाऱ्याने हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. शेंगा वाळून तडकण्याच्या आधी तोडाव्या. बियांचे कवच फार कठीण असते, ते तसेच पेरल्यास पुष्कळसे उगवत नाही; म्हणून जाड वाळूत मिसळून हलकेच चोळावे, आणि मग पेरावे.