सुतक नसलेला माणूस

भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक लागतं, शेजाऱ्याला नाही. मृताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा पिठलं-भात शेजारून येतो. आपल्या धर्मातलं सगळ्यात मोठं शहाणपण मला या रिवाजात दिसतं. रक्ताच्या माणसांचे हात बांधलेले असतात, तिथं परक्याचं कर्तव्य सुरू होतं.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून रडणं भिंतीपलीकडे ऐकू जायचं. कुणाला कळवावं लागत नसे. आता तिथल्या रहिवाशांना टॉवरमध्ये 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत. ती त्यांच्या हक्काचीच आहेत. सामाईक संडासाच्या रांगेचे गोडवे मी गाणार नाही.

पण आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरचे आजोबा गेले, ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. हात जोडलेली चित्रं आली, डबा कुणाचाच गेला नाही. संध्याकाळी माझी बायको पिठल्याचं पातेलं घेऊन वर गेली. सुनेनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मग आमचं आडनाव विचारलं.

शेजारी आपण निवडत नाही, म्हणून मी त्याला मैत्रीत धरत नाही, धर्मात धरतो. तुमच्या मजल्यावर कुणी गेलं, तर ग्रुपवर लिहिण्याआधी कुकर लावा.